सहा स्पीकर, आठ आउटपुट आणि एकच ऑर्गन

प्रश्न (वेंगुर्ल्याहून): दादा, बँकेतनं रिटायर झाल्यावर दोन मॅन्युअलचा, म्हणजे दोन की-बोर्डांचा, जुना मिडी कन्सोल मिळाला, कॉम्प्युटरवर ग्रँडऑर्ग हे ऑर्गन वाजवायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि थिएटर ऑर्गनचा (मूकपटांच्या थिएटरातला पाइपांचा ऑर्गन) दहा रँकचा, म्हणजे पाइपांच्या दहा ओळींचा, सॅम्पलसेट (रेकॉर्ड केलेले सूर) वाजवतोय. एकेक स्टॉप, म्हणजे एकेका जातीचा आवाज, ऐकला की झकास, पण टिबिया, व्हॉक्स ह्युमाना, स्ट्रिंग सगळं एकदम ओढलं की नुसता चिखल होतो. आता आठ आउटपुटचा इंटरफेस घेतलाय, घरात सहा पॉवर्ड स्पीकर आणि एक सबवूफर आहे. कुठला स्टॉप कुठे पाठवू? घर चिऱ्याचं, वर कौलं, मधे लाकडी माळा.

उत्तर: काका, आधी एक सांगा, जत्रेत दशावतार तुम्ही कुठे बसून बघता? पुढे चटईवर बसलं की पायपेटी वेगळी, मृदंग वेगळा, झांज वेगळी, सगळं एकदम वाजत असूनही कानाला प्रत्येकाची जागा कळते. तेच मागे आंब्याला टांगलेल्या भोंग्याखाली उभं राहून ऐका, सगळ्याचं पिठलं. वादक तेच, फरक एवढाच की पुढे आवाज हवेत मिसळतो आणि भोंग्यात वायरीतच मिसळून येतो. तुमचा चिखल तो हाच आहे, स्पीकर कमी ताकदीचे म्हणून नाही, त्यामुळे आवाज मोठा करायला जास्त स्पीकर हे डोक्यातनं काढून टाका.

खऱ्या वुर्लिट्झर कंपनीच्या थिएटर ऑर्गनमध्ये प्रत्येक पाइप आपल्या जागी उभा असतो, आणि बऱ्याच थिएटरांत हे पाइप दोन खोल्यांत वाटलेले, मेन आणि सोलो, पुढे उघडझाप होणाऱ्या झडपा. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये 1932 पासून 58 रँकचा ऑर्गन आहे, त्याचे पाइप स्टेजच्या दोन्ही बाजूंना आहेत. आता एवढ्या पाइपांचा आवाज स्पीकरच्या एकाच पडद्यातनं काढायला गेलात तर तो बिचारा एकाच वेळी पायाने वाजणाऱ्या पेडलचा जाड सूर आणि व्हायोलची बारीक किनार दोन्ही हलवणार, त्यात एक दुसऱ्याला डागाळणारच.

म्हणून माझी वाटणी अशी. पहिली जोडी मेन, म्हणजे डायपेसन, फ्लूट, व्हायोल, व्हॉक्स. दुसरी जोडी सोलो, ट्युबा वगैरे. तिसरी जोडी फक्त टिबियाला, आणि इथे कंजुषी करू नका, थिएटर ऑर्गनचा जीव टिबियात असतो. तिचा ट्रेम्युलंट, म्हणजे सुराचा थरथराट, सेकंदाला साधारण सहा-सात वेळा हेलकावतो, व्हॉक्सचा स्वतःचा वेगळा हेलकावा, दोन्ही एका स्पीकरात कोंबले की ती लाट चिकटून जाते, वेगळे ठेवले की खोलीत एकमेकांवरून जातात आणि अंगावर काटा येतो. सेलेस्ट असेल तर तीसुद्धा तिच्या जोडीदार व्हायोलपासून वेगळ्या जोडीत टाका, मुद्दाम किंचित बेसूर लावलेल्या त्या दोन रँक हवेत भेटल्या पाहिजेत.

सातव्या आउटपुटवर सब. ग्रँडऑर्गच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एका आउटपुटला स्टॉपांचे अनेक ग्रुप जोडता येतात, तर सबला सगळेच ग्रुप थोडे थोडे द्या आणि सबच्या मागचा नॉब 80 हर्ट्झच्या आसपास ठेवा. सोळा फुटी पेडलचा सगळ्यात खालचा सी 33 हर्ट्झला येतो, तिथे छोटे स्पीकर हात टेकतात. हे करताना माझ्याकडे काय झालं सांगतो, पहिल्यांदा तो सी दाबला आणि फडताळातल्या पितळी डब्याचं झाकण असं किणकिणायला लागलं की मी अर्धा तास सॅम्पलमध्ये खराबी शोधत होतो, आई आतनं ओरडली, मेल्या, घर पाडतलंस काय? तुमच्या माळ्यावर काय काय रचलंय ते आधी बघा. सब चिऱ्याच्या भिंतीजवळ, पण कोपऱ्यात अगदी घुसवू नका, तिथे बास घुमत बसतो.

आठवं आउटपुट ड्रम, झांज, घंटा, पक्ष्याची शिट्टी, घोड्याच्या टापा या सगळ्या खेळण्यांसाठी, त्याला एखादा जुना स्पीकरही चालेल.

एकाच रँकचे सूर आळीपाळीने वेगवेगळ्या स्पीकरला वाटायची पण एक पद्धत आहे, सी इकडे, सी शार्प तिकडे, मोठ्या सेटअपमध्ये छान लागते पण तुमच्या खोलीत स्पीकर लांब लांब असतील तर चाल टेबल टेनिससारखी इकडून तिकडे उडेल. तूर्त नको.

स्पीकर थेट कानावर रोखू नका. भिंतीकडे किंवा छपराच्या उताराकडे तोंड करा, आवाज खोलीतून फिरून आला की झडपांतून आल्यासारखा वाटतो. मग एकेक स्पीकर चालू करून, बसायच्या जागी मोबाइलवर डेसिबल बघून सगळे सारखे करा. हे न करता लोक महिनाभर ईक्यूचे, म्हणजे बास-ट्रेबलचे, नॉब फिरवत बसतात. आणि सॅम्पलसेट ड्राय आहे ना ते तपासा, थिएटरचा घुमारा रेकॉर्डिंगमध्येच असेल तर एवढे स्पीकर करून काही उपयोग नाही, दोनच ठेवा.

राहिली आपल्याकडची हवा. फोमची कड असलेले स्पीकर दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होतात, रबराची कड घ्या. खाऱ्या वाऱ्याने जॅक काळे पडतात आणि मग एक चॅनल मधेच गायब होतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दोन-चारदा आतबाहेर करा. गूंऽऽ असा हम आला तर सगळं एकाच बोर्डावर घ्या, बॅलन्स्ड केबल वापरा, पण अर्थिंगची पिन कापायचा शहाणपणा कुणी सांगितला तरी करू नका. मे महिन्यात ढग गुरगुरले की प्लग भिंतीतून बाहेर.

प्रश्न (अलिबागहून): चार ब्लूटूथ स्पीकर आहेत, तेच जोडले तर?

उत्तर: ताई, नको. पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येणार, आणि चारही स्पीकर सारख्याच उशिराने बोलतील याचीही खात्री नाही. गाणी ऐकायला ठेवा.

प्रश्न (रत्नागिरीहून): थिएटर ऑर्गन म्हणजे संगीत नाटकात वाजतो तोच का?

उत्तर: नाही हो, नावामुळे घोळ होतो. आपल्या नाटकातला ऑर्गन पायाने भाता मारायचा, आत पत्त्या म्हणजे रीड. हा मूकपटांच्या जमान्यातला, विजेच्या ब्लोअरवर चालणारा, पाइपांचा. रॉबर्ट होप-जोन्स 1910 मध्ये वुर्लिट्झर कंपनीत गेला आणि तिथून याचं पीक आलं. पण तुम्हाला नाटकातल्या ऑर्गनचे सॅम्पल वाजवायचे असतील तर वरचं सगळं विसरा, तो आवाज खऱ्यातही एकाच लाकडी खोक्यातनं येतो, एक बरा स्पीकर घ्या आणि की-बोर्डच्या मागे, गुडघ्याच्या उंचीला ठेवा.