सहकुटुंब हॉटेलात जेवायला गेलात आणि सपशेल निराशा झाली, असा अनुभव आहे का? अशा वेळी काय करावं?

आहे, आणि बऱ्यापैकी ताजा आहे.

आबांची पंचाहत्तरी होती. दिवाळीनंतरचा रविवार. आई-आबा कोल्हापूरहून आमच्याकडे पुण्याला आले होते. मी आठवडाभर मोबाईलवर फोटो बघून हायवेलगतचं एक 'प्युअर व्हेज फॅमिली' हॉटेल हेरून ठेवलं होतं. आई माळकरी, म्हणून शाकाहारीच हवं, एवढाच विचार केला. आता कोल्हापुरात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे वार, हे मला काय कुणी सांगायला हवं होतं का? आईनं माळ घातल्यापासून आबा परसातल्या चुलीवर स्वतः मटण शिजवतात, भांडीसुद्धा वेगळी ठेवलीत. पण त्या दिवशी ते माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि आबाही काही बोलले नाहीत. नवा शर्ट घालून गाडीत बसले.

आम्ही नऊ जण. दारातल्या वहीत नाव लिहून पन्नास मिनिटं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. आत गेल्यावर दोन टेबलं जोडून दिली, ती पण एसीच्या झोताखाली. आईनं पदर डोक्यावरून घेतला तो निघेपर्यंत तसाच. पोरांच्या आवडीनं पनीर बटर मसाला आणि काजू करी मागवली. 'आबांसाठी खास' म्हणून मी व्हेज कोल्हापुरी सांगितली.

आधी तंदुरी रोट्या आल्या. भाज्या वीस मिनिटांनी. तोवर रोट्यांचं पार कातडं झालेलं. आबांना कवळी आहे. त्यांनी एक तुकडा तोडायचा प्रयत्न केला, मग रोटीची नीट चौघडी घालून ताटाच्या कडेला ठेवून दिली. ती घडी माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही.

मग तीन भांडी आली. तिन्हींत तोच नारिंगी, गोडसर रस्सा. एकात पनीर, एकात काजू, एकात फरसबी-गाजर. कोल्हापुरीवर दोन लाल मिरच्या तळून आडव्या टाकल्या होत्या, तेवढंच काय ते कोल्हापूर. आबांनी चमच्यानं चाखून बघितलं आणि म्हणाले, "पंचाहत्तर वर्षं कोल्हापुरात काढली, पर ही बया मला तिथं कधी भेटली न्हाई." खरंच आहे. आमच्याकडे तांबडा-पांढरा रस्सा आहे, मिसळ आहे, कांदा-लसूण चटणी आहे. 'व्हेज कोल्हापुरी' ही मेन्यूकार्डावर जन्मलेली भाजी आहे.

वेटरला सांगितलं. "चेंज करून आणतो सर," म्हणाला आणि पाच मिनिटांत तीच भाजी वरून लाल तिखट ढवळून घेऊन आला. आबा शेवटी दाल आणि जिरा राईसवर आले.

असं का होतं, तर माझा एक शाळासोबती बरीच वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये होता, त्यानं मला हे गणित सांगितलं. दुपारीच मोठमोठ्या टोपांत ग्रेव्ह्या करून ठेवतात. लाल ग्रेव्ही टोमॅटोची, ब्राऊन परतलेल्या कांद्याची, पांढरी काजू आणि मगज म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या बियांची. ऑर्डर आली की डाव-डाव घ्यायचं, फोडणी द्यायची, भाजी सोडायची. यात फसवणूक अशी काही नाही. त्याशिवाय रविवारी चाळीस टेबलं उठणारच नाहीत. पण गर्दीत ब्राऊन संपली की लाल डावच सगळीकडे फिरतो. म्हणून नऊ जणांत तीन पनीर-काजूच्या भाज्या मागवण्यात काही अर्थ नसतो. एक ग्रेव्हीची, एक सुकी आणि एक डाळ मागवा. ग्रेव्ही कुठली ते वेटरला आधी विचारा, सांगतात. आणि रोट्या 'भाजी टेबलावर आल्यावर टाका' असं बजावून सांगा. हे मी आता दरवेळी करतो. बायको म्हणते, तू ऑर्डर देतोस की पंचनामा करतोस?

आता बिल. जेवणाचे ४,८६० रुपये. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज ४८६. त्या दोन्हीवर मिळून पाच टक्के जीएसटी. एकूण ५,६१३ रुपये ३० पैसे. जीएसटी द्यावाच लागतो, तिथे वाद घालू नका. सर्व्हिस चार्ज मात्र सरकारी कर नाही, तो ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या, की तो बिलात आपोआप लावता येणार नाही. मॅनेजर म्हणाला, "सर, त्याला कोर्टाचा स्टे आहे." होता. पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं रेस्टॉरंट संघटनांच्या याचिका फेटाळल्या आणि त्या सूचना योग्य ठरवल्या. मी आवाज न चढवता एवढंच म्हटलं, की नसेल काढायचा तर १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, इथूनच फोन लावतो. त्यानं तोंड वाकडं करून नवं बिल काढलं, ५,१०३ रुपयांचं. चार्जवरचा जीएसटीही गेला, त्यामुळे ५१० रुपये वाचले. वेटरच्या हातावर मी वेगळे शंभर ठेवले. रोट्या गार झाल्या त्यात त्या पोराचा काय दोष?

भाजीचे पैसे मात्र पूर्ण भरावे लागले. नाव ठेवायचं तर दुसऱ्या घासालाच ठेवायचं. भांडं निम्मं झाल्यावर कोण ऐकतंय.

गाडीत बसल्यावर मी जरा फुशारकीनंच आबांना सांगितलं, की पाचशे दहा रुपये सोडवून आणले.

आबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "अर्धा किलो मटण आलं असतं की रं."