बारावीला ब्याण्णव गुण, तरी जर्मनचा पहिलाच स्तर का?

पदवीचे प्रवेश पार पडले की परकीय भाषेच्या वर्गांची नोंदणी सुरू होते आणि माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "अकरावी-बारावीला जर्मन घेतले होते, गुणही उत्तम मिळाले; मग स्तरनिश्चिती चाचणीने मला पुन्हा ए१ या पहिल्याच स्तरात का बसवले?" पुण्यात विज्ञान शाखेची अनेक मुले कनिष्ठ महाविद्यालयात जर्मन किंवा फ्रेंच घेतात, त्यामुळे हा प्रश्न इथे विशेष ऐकू येतो. दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी वडिलांसह हाच प्रश्न घेऊन आली होती. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

तिला बारावीला जर्मनमध्ये शंभरपैकी ब्याण्णव गुण होते. पुढे एक वर्ष थांबून तिने अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांची तयारी केली होती आणि त्या काळात जर्मनचे पुस्तक उघडलेही नव्हते. ए२ची अपेक्षा असताना ए१च्या यादीत नाव पाहून ती रात्रभर रडली होती. "मॅडम, मैत्रिणी सगळ्या ए२मध्ये आहेत, मी एकटीच मागे," ती म्हणाली. वडिलांची चिंता वेगळी होती. मुलीला पुढे जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असल्याने एक सत्र वाया गेले तर सगळेच वेळापत्रक पुढे ढकलले जाईल, असे त्यांना वाटत होते, आणि ही चिंता मला अनाठायी वाटली नाही.

मी तिला आधी चाचणीचे चारही भाग वेगवेगळे पाहायला सांगितले. वाचनात ती चांगली होती, लेखनात मध्यम होती, आणि श्रवण व संभाषण या दोन्हींत फार कमी पडली होती. मग मी तिला गेल्या रविवारी काय केले ते जर्मनमध्ये लिहायला दिले. 'मी मुंबईला गेले' यासाठी तिने "इश हाबे नाख मुंबई गेफारन" असे लिहिले. जाणे-येणे दाखवणाऱ्या अशा क्रियापदांच्या भूतकाळी रूपाला 'हाबे' न लागता 'बिन' लागते, हा नियम तिला तोंडपाठ होता, पण लिहिताना तो हाताशी आला नाही. शेवटी रेल्वे स्थानकावरील एक छोटी उद्घोषणा ऐकवली. गाडी कोणत्या फलाटावरून सुटणार, एवढेच विचारले होते. तीन वेळा ऐकूनही तिला ते सांगता आले नाही. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आम्हाला कधी ऐकायला लावलंच नव्हतं."

तिची अडचण या एका वाक्यात उघड झाली. बारावीचे गुण खरे होते आणि तिची मेहनतही खरी होती, परंतु त्या गुणांमध्ये लेखी परीक्षेचा वाटा फार मोठा असतो. ए१ ते सी२ हे सहा स्तर मात्र विद्यार्थी भाषेत काय करू शकतो यावरून ठरतात: ऐकून समजणे, बोलणे, वाचणे, लिहिणे. वर्षभराच्या खंडात कान आणि जीभही मागे पडतात. वडिलांना मी सांगितले, "तुमची मुलगी नापास झालेली नाही. जर्मनीत शिकवणीचे माध्यम इंग्रजी असले, तरी घरमालकाशी आणि दुकानदाराशी तिला जर्मनमध्येच बोलावे लागेल, आणि ते कौशल्य या पहिल्या दोन स्तरांतच पक्के होते." जर्मन भाषा शिकवणाऱ्या गोएथे-इन्स्टिट्यूट या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे ए१साठी पंचेचाळीस मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात, तर बी१ या तिसऱ्या स्तरापर्यंत पोहोचायला ३५० ते ६५०. इतक्या लांबच्या वाटेवर सुरुवातीच्या एका सत्राने काही बिघडत नाही.

तरीही चाचणीचा निकाल अंतिम मानावा असे माझे मत नाही. परीक्षेच्या दिवशी ताप असतो, मन थाऱ्यावर नसते, कधी चाचणीच अपुरी पडते. म्हणून वर्ग बदलण्याची मुदत कोणती आणि अर्ज कोणाकडे द्यायचा, हे नोंदणीच्या वेळीच विचारून ठेवावे. तिला भाषा विभागाने ए२च्या दोन तासिकांना बसू दिले. दुसरी तासिका संपल्यावर ती स्वतःहून परत आली. वर्गातील गप्पा तिच्या डोक्यावरून जात होत्या.

याच्या उलट वागणाऱ्या मुलांबद्दल मला अधिक काळजी वाटते. सोपे श्रेयांक मिळावेत म्हणून काही जण उत्तरपत्रिका मुद्दाम कोरी ठेवतात आणि नवशिक्यांच्या वर्गात जाऊन बसतात. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तेच देतात, शिक्षकांचा वेग नकळत वाढतो, आणि ज्याने 'गुटन टाग' हा नमस्कारसुद्धा प्रथमच ऐकला आहे तो मुलगा महिन्याभरात बोलणेच सोडून देतो. प्रात्यक्षिकांच्या वेळा जुळतात एवढ्यावरून स्तर निवडणारेही असेच अडचणीत येतात, म्हणून वेळापत्रक स्तर ठरल्यानंतरच पाहावे.

तिने ए१ पूर्ण केला. व्याकरण येत असल्यामुळे वाचलेला वेळ ती रोज वीस मिनिटे ऐकण्यासाठी देत असे. पुढच्या नोंदणीला ए२ची फक्त सकाळी साडेसातची तुकडी उरली होती. वडिलांनी मला फोन करून सांगितले, "कोथरूडहून साडेसहाची बस धरावी लागेल, मॅडम, पण तिनं अर्ज भरलासुद्धा."