घोडीच्या ऑपरेशनचं बिल कुणी भरायचं?

प्रश्न : मुलीसाठी आम्ही सव्वा वर्षापूर्वी मारवाडी घोडी घेतली. पुण्याबाहेरच्या एका तबेल्यात ती असते. महिना २२,००० रुपये, त्यात चारा, चंदी (दाणा), मोतद्दार (घोडी सांभाळणारा माणूस), नालबंदी सगळं आलं. लेखी करार नाही, जे ठरलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. मे महिन्यात मी कोकणात असताना रात्री घोडीला पोटशूळ झाला. तबेलेवाल्यांनी मला दोनदा फोन केला, पण रेंज नव्हती. यजमान पुण्यातच होते. त्यांचा नंबर असूनही त्यांना फोन केला नाही. पहाटे घोडीला दवाखान्यात हलवून ऑपरेशन केलं. घोडी वाचली, परत तबेल्यात आली. दवाखान्याचे १,६८,००० रुपये तबेलेवाल्यांनी भरले. आता त्यावर १८ टक्के जीएसटी ३०,२४० आणि ‘धावपळ व देखरेख’ २५,००० लावून, शिवाय थकलेले दोन महिन्यांचे ४४,००० धरून एकूण २,६७,२४० मागताहेत. पूर्ण पैसे दिल्याशिवाय घोडी हलवू देणार नाही म्हणतात. एवढे द्यावे लागतील का? पुढे अशी वेळ येऊ नये म्हणून काय करावं? घरी नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉरही आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, कटू भाग आधी सांगतो. दवाखान्याचे १,६८,००० रुपये तुम्हालाच द्यावे लागतील. लेखी करार नाही म्हणून जबाबदारी नाही, असं होत नाही. तुम्ही घोडी त्यांच्या ताब्यात सांभाळायला दिलीत, त्याबद्दल ते पैसे घेतात. भारतीय करार कायदा, १८७२ याला बेलमेंट म्हणतो. महिन्याच्या पैशांत चंदी-चारा-नालबंदी होती, औषधपाणी नव्हतं. म्हणजे उपचाराचा खर्च मालकाचा. मालक हाताशी नसताना अडीअडचणीला शहाण्या माणसाने स्वतःच्या मालमत्तेसाठी जे केलं असतं ते करण्याची मुभा कलम १८९ प्रतिनिधीला, म्हणजे इथे तबेलेवाल्यांना, देतं, आणि फुकट करण्याचा इरादा नसताना केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला त्याने मोबदला द्यावा, असं कलम ७० सांगतं. घोड्याला उलटी करता येत नाही. आतडं अडकलं की पोट फुगत जातं, जनावर टाप आपटतं, वळून वळून कुशीकडे बघतं, लोळतं, आणि काही तासांत हातचं जातं. अशा रात्री त्यांनी डॉक्टर बोलावला याबद्दल कुठलंही कोर्ट त्यांना दोष देणार नाही.

यजमानांना फोन न करणं ही चूक खरी. कलम २१४ म्हणतं, अडचणीच्या वेळी मालकाशी संपर्क साधून सूचना घेण्याची रास्त खटपट प्रतिनिधीने केली पाहिजे. पण हा मुद्दा मांडलात की समोरून एकच प्रश्न येईल : फोन लागला असता तर तुम्ही ऑपरेशनला नाही म्हटलं असतं का? तुमच्या पत्रात ‘घोडी वाचली’ ज्या सुरात लिहिलंय, त्यावरून उत्तर कळतं. तेव्हा यावर फार भर देऊ नका.

जीएसटीचं मात्र सोडू नका. जनावरांच्या आणि पक्ष्यांच्या आरोग्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याने दिलेल्या सेवेला जीएसटी माफ आहे. जून २०१७ च्या १२ क्रमांकाच्या अधिसूचनेत तसं स्पष्ट लिहिलंय. दवाखान्याने कर लावला नाही आणि तबेलेवाले फक्त त्यांनी भरलेली रक्कम परत मागताहेत, तर ३०,२४० आले कुठून? दवाखान्याचं मूळ बिल आणि पैसे भरल्याची पावती मागा. तबेल्याचा जीएसटी क्रमांक आहे का तेही विचारा. अनेकदा एवढ्यावरच ही ओळ बिलातून गायब होते. ‘धावपळ व देखरेख’ आधी ठरलेली नव्हती. घोडी दवाखान्यात नेण्याच्या गाडीचं भाडं, रात्री थांबलेल्या मोतद्दाराचे जादा पैसे, असं काही पावतीनिशी दाखवलं तर द्या. मोघम २५,००० देऊ नका.

आता घोडी अडवण्याबद्दल. जनावर सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की पैसे मिळेपर्यंत ते ठेवून घेणं हा आपला हक्कच. कलम १७० तसं म्हणत नाही. सोपवलेल्या वस्तूवर स्वतःचं कसब किंवा श्रम लावून काम केलं असेल, तर त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. कायद्यातलंच उदाहरण आहे : हिऱ्याला पैलू पाडणारा जवाहिऱ्या मजुरी मिळेपर्यंत हिरा देत नाही. नुसतं खाऊ घालणं, बांधून ठेवणं यात ते बसत नाही. आपल्या कलमामागचा इंग्रजी कायदा बघा. १८३८ साली एका शेतकऱ्याकडे वळूघोड्याकडून फळवायला घोडी पाठवली होती, तिथे त्याच्या फीपुरता घोडी अडवण्याचा हक्क मान्य झाला. पुढच्याच वर्षी कुरणात गुरं चारणाऱ्याला तो नाकारला, कारण त्याने गुरांमध्ये काही भर घातली नव्हती. घोड्याला शिकवून तयार करणाऱ्या ट्रेनरला मात्र तो हक्क मिळतो. तुमच्या घोडीला त्यांच्या माणसाने वेगळी फी ठरवून शिकवलं असेल, तर त्या फीपुरतं त्यांचं म्हणणं टिकेल. थकलेल्या ४४,००० साठी टिकणार नाही. कलम १७१ चा व्यापक हक्क बँका वगैरे मोजक्याच मंडळींना आहे. त्या यादीत वकीलही दिसतात, पण सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं की फीसाठी पक्षकाराची फाइलसुद्धा आम्हा वकिलांना अडवता येत नाही. मग तबेलेवाल्यांना घोडी कुठून अडवता येणार!

ऑपरेशनच्या पैशांबद्दल ते वाद घालू शकतात : डॉक्टर आम्ही नेमला, पैसे आम्ही भरले, म्हणजे कसब आमच्यामार्फत लागलं. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो, कारण ते कसब डॉक्टरचं होतं. दवाखान्याने घोडी सोडायच्या आधी अडवली असती तर त्यांची बाजू पक्की होती. तरी या मुद्द्यावर कोर्टात वर्ष घालवायचं कशाला? एक गोष्ट तपासा. घोडी ठेवताना तुम्ही एखाद्या फॉर्मवर सही केलीत का? त्यात ‘थकबाकी असल्यास जनावर दिले जाणार नाही’ अशी ओळ असेल, तर वर लिहिलेलं बरंचसं बदलेल.

तशी सही नसेल, तर १,६८,००० आणि ४४,००० असे २,१२,००० रुपये बँकेतून पाठवा. रोख देऊ नका. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर लिहा : ‘ऑपरेशनची रक्कम सर्व हक्क राखून, अंडर प्रोटेस्ट देत आहे. उरलेल्या ५५,२४० रुपयांचा हिशेब पावत्यांसह द्यावा. घोडी अमुक तारखेला सकाळी घेऊन जाणार आहे.’ त्या दिवशी तुमचा डॉक्टर बरोबर न्या आणि घोडीच्या तब्येतीची लेखी नोंद करून घ्या. नाहीच दिली, तर वकिलाची नोटीस, आणि मग दोन रस्ते. एक, दिवाणी न्यायालयात विशिष्ट दिलासा कायदा, १९६३ च्या कलम ७ आणि ८ खाली घोडीच परत मागण्याचा दावा. दुसरा, आणि तुमच्यासाठी मला बरा वाटणारा, जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला फी नाही, तुम्ही राहता तिथेच ती दाखल करता येते, आणि घोडी ताब्यात मिळावी म्हणून ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागता येतो. मुदत दोन वर्षं. पोलिसांत गेलात तर ‘हा दिवाणी मामला आहे’ असंच ऐकायला मिळेल. त्यांनी घोडी परस्पर विकायला काढली तर गोष्ट वेगळी, तो विश्वासघाताचा गुन्हा होतो.

वाद चालू असताना चंदी-पाणी तोडायची धमकी कुणी दिली, तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा दाखवा. जनावर ज्याच्या ताब्यात, त्याची काळजी घेणं त्याचं कर्तव्य, पैशांचा वाद काहीही असो. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे दंडाची भीती कुणाला वाटणार नाही. पण तक्रारीची नोंद कोर्टात उपयोगी पडते.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलंय, वर मी ते गाळलं. मोतद्दार मुलीला म्हणाला, ‘त्या आठवड्यात चंदी बदलली होती.’ हे ओझरतं ठेवू नका. दाणा एकदम बदलणं, पाणी कमी पडणं ही पोटशुळाची नेहमीची कारणं. दवाखान्यात दाखल करताना डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात आणि केसपेपरवर वरच्या दोन-तीन ओळींत लिहितात : काय खाल्लं, कधीपासून, शेवटचं पाणी कधी. ती माहिती त्या रात्री तबेल्याच्याच माणसाने दिलेली असणार, तेव्हा वाद सुरूही झाला नव्हता. म्हणून तिचं वजन फार. मालक म्हणून केसपेपरची प्रत आधी घ्या, नोटीस नंतर. त्यात चंदी बदलल्याची नोंद निघाली, तर करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे वाजवी काळजी घेतल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी तबेलेवाल्यांवर येते, आणि १,६८,००० परत मागण्याची वाट खुली होते. ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहायला सांगितलं ते यासाठीच.

पुढचं. घोडी नव्या तबेल्यात नेताना दोन पानी करार करा. मुद्रांक ५०० चा घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा चालत नाही. त्यात भाड्याच्या रकमेइतकंच महत्त्वाचं कलम औषधपाण्याचं : अमुक रकमेपर्यंत न विचारता डॉक्टर बोलवावा, त्यावर गेलं तर या तीन नंबरांवर या क्रमाने फोन, कुणीच न मिळाल्यास ऑपरेशन करायचं की नाही हे कुणी ठरवायचं आणि कमाल किती खर्चापर्यंत. घोडी वाचण्यासारखी नसेल तर दयामरणाला नोंदणीकृत पशुवैद्याचं लेखी मत हवं, हेही लिहा. लिहिताना हात अडखळेल, पण रात्री दोनला फोनवर ठरवण्यापेक्षा बरं. बिल थेट तुमच्या नावाने निघावं आणि घोडी अडवता येणार नाही, ही दोन वाक्यं विसरू नका.

घोड्याच्या विम्यावर फार भिस्त ठेवू नका. आपल्याकडच्या पशुधन पॉलिसीचा रोख जनावर दगावल्याच्या भरपाईवर असतो, ऑपरेशनच्या बिलावर नाही. त्यापेक्षा महिना ५,००० ची आरडी लावा. तीन वर्षांत मुद्दलच १,८०,००० होतं, म्हणजे या वेळचं बिल त्यातून सुटलं असतं. किरकोळ दुखण्याला सरकारी दवाखाना आहे, १९६२ वर फोन केला तर फिरतं पशुवैद्यकीय पथकही मिळतं. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल धर्मादाय आहे.

लॅब्रॅडॉरची गोष्ट निराळी. कुत्र्यांसाठी ऑपरेशन आणि दवाखान्यात राहण्याचा खर्च देणाऱ्या पॉलिसी निघाल्या आहेत. पण मोठ्या जातीच्या कुत्र्याला नवव्या वर्षी नवी पॉलिसी मिळणं अवघड, आणि मिळाली तरी आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. त्याचे सांधे दुखत असतील तर प्रस्ताव फॉर्मवर तसं लिहा. लपवलंत तर नेमक्या गरजेच्या वेळी दावा फेटाळला जाईल. लसीकरणाचं कार्ड अद्ययावत ठेवा. दावा चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.