कोल्ह्याच्या अन्ननलिकेतील गाठी

प्रश्न : आमच्या केळीच्या बागेजवळ मेलेल्या कोल्ह्याचे शवविच्छेदन झाले, तेव्हा अन्ननलिकेत सुपारीएवढ्या गाठी आणि त्यांत लालसर जंत निघाले. जंतांमुळे एवढी इजा होते का? (एक वाचक, यावल)

उत्तर : होते, आणि ती गाठींपुरती नसते. वर्णनावरून हा जंत ‘स्पायरोसर्का लुपी’ असावा. त्याच्या अळ्या शेणकिड्यांत वाढतात. असा किडा, किंवा तो खाल्लेला सरडा वा उंदीर, कोल्ह्याने खाल्ला की अळ्या जठराची भिंत भेदून धमन्यांच्या भिंतींतून महाधमनीपर्यंत (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीपर्यंत) पोहोचतात, तेथे सुमारे ३ महिने राहतात आणि मग अन्ननलिकेत शिरून गाठी करतात. मागे महाधमनीच्या भिंतीत व्रण उरतात. लवचीक तंतू तुटल्याने ती फुगते, क्वचित फुटते, आणि धडधाकट दिसणारा प्राणी एकाएकी मरतो. उंदीर मारून शेतकऱ्याला साह्य करणाऱ्या कोल्ह्याचा असा अंत क्लेशदायक आहे. महाधमनी उघडून पाहिली होती का, हे पशुवैद्यकांना अवश्य विचारावे. हाच जंत कुत्र्यांनाही होतो आणि त्यांच्यात गाठींचा कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून शेतावरील कुत्र्याला गिळताना त्रास होत असल्यास किंवा तो वारंवार ओकत असल्यास त्याची तपासणी लांबणीवर टाकू नये.