सिंधूच्या राजाचं नाव काय?

प्रश्न : मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकात मोहेंजोदडोच्या दाढीवाल्या पुतळ्याखाली ‘पुरोहित-राजा’ असं छापलंय. तो सारखा विचारतो, राजा होता तर त्याचं नाव काय? मी काय सांगू?

उत्तर : सांगा, की ‘पुरोहित-राजा’ हे नाव आपल्या काळातल्या अभ्यासकांनी ठेवलं. पुतळ्यावर एक अक्षरही कोरलेलं नाही. उंची 17.5 सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. अर्धोन्मीलित डोळे, कपाळावर पट्टी, डाव्या खांद्यावरून घेतलेली तीन पाकळ्यांच्या नक्षीची शाल. मुकुट नाही, शस्त्र नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, देवळं आणि राजसत्ता एकमेकांत गुंतलेली होती, तोच साचा इथे लावला गेला. मला तो पटत नाही.

मेसोपोटेमियाचा राजा लपत नाही. तिथल्या उर शहरात राजघराण्याच्या दफनभूमीत एकाच खड्ड्यात 74 माणसं सापडली, बहुतेक स्त्रिया, अंगावर दागिने घातलेल्या. मेलेल्या धन्याच्या सोबतीला धाडलेली. सिंधूच्या शहरांत असं एकही राजदफन नाही, निर्विवाद राजवाडा नाही, शत्रूला लोळवणाऱ्या वीराचं शिल्प नाही.

मग कारभार नव्हता का? होता, आणि काटेकोर होता. लोथल या गुजरातमधल्या सिंधूकालीन शहराच्या संग्रहालयात चर्ट दगडाची घनाकृती वजनं पाहताना मी काचेला नाक लावून उभी होते. सगळ्यात लहान वजन एका ग्रॅमहूनही कमी, मग दुप्पट, चौपट, आठपट. सोळापट झालं की साधारण 13.7 ग्रॅम. कडा इतक्या नेटक्या, की घासणाऱ्याचा हात दिसतो. हेच माप शेकडो किलोमीटरवरच्या हडप्प्यातही. उरच्या शुल्गी राजाने वजनावर चंद्रदेव नन्नाचं आणि स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं. सिंधूची ही वजनं मात्र कोरी आहेत. तरी गावोगाव ती मानली जात होती.

माझं मत विचाराल तर तिथे एका राजापेक्षा व्यापारी आणि शहरातल्या मोठ्या घराण्यांची मिळून सत्ता असावी. लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे हा माझा अंदाजच आहे, मुलालाही तो अंदाज म्हणूनच सांगा. परीक्षेत त्याने पुस्तकातलं नाव लिहावं. वहीत मात्र त्या चित्राखाली ‘शाल पांघरलेला पुरुष’ असं लिहू द्या, आणि शेजारी एक वजन काढायला सांगा.