व्हिलन कुठला ते राहू द्या, टॅटू केवढा आणि कुठे ते विचारा

मी समुपदेशक आहे, आणि आईबापांकडून मला एक प्रश्न सारखा येतो, फक्त व्हिलनचं नाव बदलतं. "मॅडम, पोराला अख्ख्या पाठीवर जोकर काढायचाय, डोक्यात काही भलतंच नाही ना चाललेलं?" कधी जोकरच्या जागी थॅनॉस असतो, कधी व्हेनम. एका ताईंनी तर रात्री साडेअकराला व्हेनमचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, हा कोण आहे आणि याला एवढे दात का आहेत.

तर आधी सरळ उत्तर देऊन टाकते. व्हिलन आवडणं हा आजार नाही. कॉमिक्समध्ये सगळ्यात भारी चित्रं, कपडे, डायलॉग हे बहुतेक वेळा व्हिलनच्याच वाट्याला येतात, आणि हे काय फक्त अमेरिकन कॉमिक्समध्ये नाही, कोकणातल्या माणसाला विचारा दशावतारात पोरं कोणाची वाट बघत जागी राहतात, संकासुराचीच ना. निळू फुलेंना पडद्यावर शिव्या घालणारी माणसं त्यांच्यावर जीव पण टाकायची. त्यामुळे "जोकर आवडतो म्हणजे जोकर होणार" हे डोक्यातून काढून टाका. पण मोठा टॅटू ही गोष्ट मी हलक्यात घेत नाही, आणि त्यात बघायचं काय असतं ते एका केसवरून सांगते. घरच्यांना विचारून लिहितेय, नाव आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

ओंकार म्हणू त्याला. बावीस वर्षांचा, नाशिकचा, बीएस्सी अ‍ॅग्री झालेला. वडील तोफखान्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, शेवटची काही वर्षं देवळालीला होते, मग तिथेच जवळ घर घेतलं. मुलगा सीडीएसची, म्हणजे फौजेत अधिकारी व्हायच्या परीक्षेची तयारी करत होता, क्लास लावलेला, सकाळी पळायला जायचा, सगळं शिस्तीत. आणि एके दिवशी जेवताना त्याने सांगितलं की मला टॅटू काढायचाय, मॅग्नीटोचा, खांद्यापासून कोपरापर्यंत. वडिलांनी विचारलं हा कोण, तर धाकट्या बहिणीने मोबाईलवर दाखवून वर "व्हिलन आहे पप्पा" असं पण सांगून टाकलं. झालं. आठवडाभर घरात कोणी कोणाशी धड बोलेना, मग आई त्याला घेऊन माझ्याकडे.

पहिल्या भेटीत आई एकच वाक्य फिरवून फिरवून बोलत होती की काढायचाच तर महाराजांचा काढ, मारुतीचा काढ, हा दुष्ट माणूस कशाला अंगावर. वडील म्हणाले आमच्या वेळी इंद्रजाल कॉमिक्स होतं, वेताळ होता, तो निदान हिरो तरी होता. मग स्वतःच हसले आणि म्हणाले की शाळेत असताना बॉलपेनने बोटांवर वेताळाची कवटी काढायचो आणि मास्तरांचा मार खायचो. त्यांच्या डाव्या हातावर आतल्या बाजूला ॐ आणि खाली स्वतःचं नाव गोंदलेलं होतं, जत्रेत मशीनवाल्याकडून, भरती व्हायच्या आधी. रंग निळसर पडलेला, अक्षरं फुगून एकमेकांत शिरलेली. हे मी नीट बघून ठेवलं.

मग ओंकारला एकट्याला बसवलं आणि विचारलं मॅग्नीटोच का. त्याने जे सांगितलं ते ऐकून मी पण पाच मिनिटं गार. मॅग्नीटो 1963 साली आला, एक्स-मेन या अमेरिकन कॉमिक्सच्या पहिल्याच अंकात, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी केलेला. तेव्हा तो साधा जग-जिंकायला-निघालेला व्हिलन होता, बाकी काही नाही. पुढे 1981 पासून ख्रिस क्लेअरमाँट या लेखकाने त्याला भूतकाळ दिला, की हा ज्यू मुलगा, ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेला, घरचे सगळे गेलेले, आणि म्हणून याला वाटतं की आपल्यासारख्या वेगळ्या, जन्मतः अचाट शक्ती असलेल्या लोकांना माणसं पुन्हा तशीच मारणार, तर आपणच आधी मारलेलं बरं. ओंकार म्हणाला, "मॅम, तो चुकीचाच आहे, पण त्याचं दुखणं खरं आहे. आणि त्याच्या हातावर पण टॅटू आहे, नाझींनी गोंदलेला नंबर, त्याला न विचारता. मी माझ्या मर्जीने काढतोय, एवढाच फरक."

भारी आहे की नाही? मला पण वाटलं. पण इतकी वर्षं हे काम करून एक कळलंय की समुपदेशकाकडे यायच्या आधी पोरं असं एखादं छान कारण तयार करून आणतात. कारण खोटं नसतं, फक्त ते सगळं नसतं. बापाला गप्प करायला घासूनपुसून ठेवलेलं असतं ते. अशा वेळी त्या कारणात मी फार रमत नाही.

मी आधी नेहमीच्या गोष्टी तपासल्या. झोप कशी आहे, गेल्या महिन्यात अचानक खर्च वाढलाय का, एकदम खूप उत्साह, खूप बोलणं, दोन-तीन तास झोपून पण थकवा नाही असं काही आहे का, कारण मूडचा आजार जेव्हा वर चढतो तेव्हा माणूस रातोरात असले मोठे निर्णय घेतो आणि नंतर पस्तावतो. हातावर, मांडीवर ब्लेडच्या खुणा आहेत का ज्या टॅटूखाली झाकायच्या आहेत, हे पण स्पष्टच विचारते मी, लाजत नाही. नवीन ग्रुप, नवीन नशा, कोणाशी लावलेली पैज, ब्रेकअप. यातलं काही सापडलं तर टॅटूचं बोलणं बाजूला आणि आधी ते, गरज पडली तर सरळ सायकॅट्रिस्टकडे. ओंकारमध्ये यातलं काहीच नव्हतं. झोप व्यवस्थित, दोस्त जुनेच.

मग मी त्याला म्हटलं उभा राहा आणि दाखव नक्की कुठे आणि केवढा. त्याने उजवा हात पुढे केला. खांद्याच्या गोलाईवरून हेल्मेट सुरू, दंडाच्या बाहेरच्या बाजूने खाली झगा, आणि कोपराच्या दोन बोटं वर संपणार. टी-शर्टची बाही त्याने खाली ओढून दाखवली, तरी अर्धा टॅटू बाहेरच राहणार होता. मी विचारलं डिझाईन आहे का, तर मोबाईल दिला, आणि मोबाईलमध्ये स्क्रोल करता करता अजून एक डिझाईन दिसलं, जुनं, सेकंड इयरचं. फक्त हेल्मेट, तळहाताएवढं, डाव्या पोटरीवर.

"हे पोटरीवरून दंडावर कधी आलं रे?"

खूप वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "फॉर्म भरल्यावर."

नाशिकमध्ये प्रॅक्टिस करताना हे माहीत असावंच लागतं, कारण भरतीवाली पोरं इथे गल्लोगल्ली आहेत. आर्मीत कायमचा टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेप्रमाणे सूट आहे. बाकी ठिकाणी असेल तर बाद. सीआरपीएफ, बीएसएफ वगैरेंमध्ये पण जागा आणि साइजची अट आहे, सॅल्यूटचा हात चालत नाही, डावाच हात, आणि तिथेही त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान. वडिलांचा जत्रेतला ॐ म्हणूनच बसला होता नियमात. आणि ओंकारने जागा निवडली ती उजवा हात, दंड, बाहेरची बाजू. मी नियमाचा विषय काढला तर त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता, धडाधडा म्हणून दाखवला.

त्याला सीडीएसमध्ये नापास व्हायची भीती नव्हती. पास व्हायची होती. लेखी एकदा निघाली होती, एसएसबीला, म्हणजे पुढच्या मुलाखतीच्या फेरीला, पहिल्याच दिवशी स्क्रीन आऊट झाला आणि घरी सगळे हळहळले, हा एकटा रात्री शांत झोपला. त्याला पिंपळगावकडे मित्राच्या ओळखीने एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये क्वालिटीचं काम मिळत होतं, माल एक्सपोर्टला जायच्या आधी तपासायचा, औषधांचे अंश किती आहेत, मण्यांची साइज, ब्रिक्स म्हणजे गोडी. त्याला ते मनापासून आवडायचं. पण सुभेदारांच्या घरात "मला फौजेत नाही जायचं" हे वाक्य बोलायचं कसं? म्हणून त्याने ते काम मॅग्नीटोला दिलं होतं. टॅटू झाला की मेडिकलमध्ये आपोआप बाद, कोणाला काही सांगायला नको, आणि दोष सगळा कॉमिक्सचा.

खरं सांगू, मला त्याचा थोडा राग पण आला. बापाने पाच वर्षं चिडायचं मॅग्नीटोवर आणि याने सुटायचं, हे काही शूरपणाचं काम नाही. पण बावीसाव्या वर्षी ज्या घरात "बघू" म्हणजे "नाही" असतं तिथे पोरं असेच रस्ते काढतात, त्यात नवल नाही.

मी वडिलांना परस्पर काही सांगितलं नाही, ते माझं काम नव्हे. दोन भेटींमध्ये आम्ही फक्त वाक्य तयार केलं. लांबलचक भाषण नको, पॅकहाऊसचा पगार आधी नको, तुलना नको. "पप्पा, मला आर्मीत जायचं नाही, आणि टॅटू मी त्यासाठीच काढणार होतो." एवढंच. हे वाक्य तो माझ्यासमोर म्हणून बघायचा आणि दर वेळी "त्यासाठीच"पाशी अडकायचा.

मग सगळे एकत्र बसलो. वडील येताना मुलाची फाईल घेऊन आलेले, कोणी सांगितलं नव्हतं, सर्टिफिकेटं, एनसीसीचं सी सर्टिफिकेट, सगळं. ओंकारने वाक्य म्हटलं. वडील फाईलचं इलॅस्टिक काढत होते, लावत होते, काढत होते, लावत होते. मग म्हणाले, "म्हणजे मुद्दाम अनफिट व्हायचं ठरवलं होतंस." आयुष्यभर फिट राहून जगलेल्या माणसाला तो एक शब्द किती लागला असेल ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"हो पप्पा."

"अरे मग तोंडाने नको म्हणायचं ना."

"म्हटलं होतं. बारावीनंतर म्हटलं होतं, तुम्ही बघू म्हणालात आणि क्लास लावला."

वडील म्हणाले मला आठवत नाही. आणि तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली आई म्हणाली, "म्हणाला होता. मी होते तिथे."

त्या दिवशी काही सुटलं वगैरे नाही. वडील पंधरा-वीस दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलले, सकाळी फिरायला एकटे जायला लागले. पुढच्या भेटीला आले ते एकटेच आले, आणि बराच वेळ देवळालीच्या, तोफांच्या, आपल्या साहेबांच्या गोष्टी सांगत बसले, मी ऐकत बसले. शेवटी म्हणाले यावेळचा फॉर्म नाही भरणार तो, ठीक आहे.

आणि मग टॅटूचं बोलणं फक्त टॅटूचं राहिलं, जे आधी शक्यच नव्हतं. तेव्हा मी ओंकारला ज्या गोष्टी सांगितल्या त्या तुमच्या पोरांना पण सांगा, रागावून नको, माहिती म्हणून. शाई कातडीच्या वरच्या थरात नसते, खालच्या थरात असते, म्हणून ती राहते, आणि म्हणूनच काढायला लेझर लागतो. लेझरला काळा रंग सगळ्यात सोपा जातो, हिरवा, निळा, जांभळा त्रास देतात, म्हणजे जोकरचे हिरवे केस आणि जांभळा कोट काढून टाकणं म्हणजे शिक्षाच. मॅग्नीटोचं पण लाल-जांभळंच आहे. दोन सिटिंगमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात, सिटिंग बऱ्याच होतात, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर पांढरे किंवा काळे डाग राहायची भीती गोऱ्या कातडीपेक्षा जास्त. घरात कोणाला जखमेवर केलॉइड, म्हणजे फुगलेला, वाढत जाणारा व्रण येत असेल, किंवा अंगावर कोड असेल, तर आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवा, कारण कोड असलेल्यांना सुई लागलेल्या जागी नवीन चट्टा उठू शकतो. सुई आपल्यासमोर पाकीट फोडून काढली पाहिजे, शाईची वाटी नवी पाहिजे, नाहीतर हिपॅटायटिस बी, सी असलं काय काय मागे लागतं. टॅटूनंतर साधारण वर्षभर रक्तदान करता येत नाही. आणि अठरा पूर्ण नसेल तर विषयच नाही, चांगला स्टुडिओ आधी आधार कार्ड मागतो.

बाकी मी त्याला एकच अट घातली, की डिझाईन प्रिंट करून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटव आणि पुढचा वाढदिवस येईपर्यंत रोज बघ. आधी दंडाएवढं लावलं होतं. पावसाळ्यात कधीतरी त्याने ते काढून जुनं, सेकंड इयरचं हेल्मेट लावलं, मी काही सुचवलं नव्हतं.

आता तो पॅकहाऊसला आहे, सीझनमध्ये जानेवारी ते एप्रिल घरी फक्त झोपायला येतो. हेल्मेट डाव्या पोटरीवर आहे, तळहाताएवढं, फक्त काळ्या शाईत. आईला अजून वाटतं मारुती असता तर बरं झालं असतं. वडिलांना व्हिलनचं आता काही नाही, त्यांची तक्रार वेगळीच आहे, मला फोनवर म्हणाले, "मॅडम, एवढ्याशा टोपीचे त्याने किती घेतले माहितीये का, माझ्या जत्रेतल्या मशीनवाल्याने दहा रुपयात ॐ पण काढला होता आणि नाव पण."