.३०८ रायफल आणि ९ मिमी पिस्तूल : रीलोडिंगचे डाय कोणते घेऊ?

तुम्ही विचारलंय की दोन्हींची काडतुसं घरीच भरायची आहेत, तर स्पर्धावाले महागडे डाय (प्रेसमध्ये बसवून काडतूस घडवायचे साचे) घ्यावेत का. मी टेक्सासमध्ये राहतो, गॅरेजमध्ये हा उद्योग बरीच वर्षं चालू आहे. माझं मत विचाराल तर रायफलच्या डायवर पैसे घाला, पिस्तुलाच्या डायवर उगाच नको.

रायफलमध्ये सगळा खेळ पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) मानेचा. साधा फुल लेंग्थ डाय (अख्खी पुंगळी मापात दाबणारा) मान गरजेपेक्षा जास्त आवळतो आणि पुंगळी बाहेर येताना दांडीवरचा एक्स्पांडर तिला आतून पुन्हा ताणतो. या ओढाताणीत मान वाकडी होते. मी एकदा गेजवर पुंगळी फिरवून बघितली, काटा चार हजारांश इंच नाचत होता. एक्स्पांडर काढून त्याच पेटीतली दुसरी दाबली, तर जेमतेम एक. तेव्हापासून मी बुशिंग डायच वापरतो, त्यात मान आवळणारी कडी (बुशिंग) हव्या त्या मापाची बसवता येते. भरलेल्या काडतुसाची मान बाहेरून मोजायची आणि दोन हजारांश कमी मापाचं बुशिंग घ्यायचं. मान .३३६ भरली, तर बुशिंग .३३४.

ब्रँडपेक्षा डाय कसा लावता ते महत्त्वाचं. पुंगळीचं बूड धरणाऱ्या शेलहोल्डरला टेकेपर्यंत डाय खाली फिरवून मोकळं होऊ नका. खांदा (मानेखालचा उतार) फार मागे गेला की दर वेळी पितळ ताणतं आणि शेवटी पुंगळी बुडाजवळ तुटते. कम्पॅरेटर (खांद्यापर्यंतची लांबी मोजायचं साधन) घ्या, झाडलेल्या पुंगळीपेक्षा खांदा एक-दोन हजारांशच मागे सारा. आणि वंगण विसरू नका! मी विसरलो होतो. पुंगळी डायमध्ये अशी अडकली की कड फाटली, मग भोक पाडून, आटे पाडून, बोल्टने ओढून काढावी लागली. अख्खा रविवार गेला.

बुलेट बसवायचा डाय रेडिंग किंवा फॉर्स्टरचा, सरकत्या स्लीव्हचा घ्या. त्यात बुलेट दाबली जाण्याआधीच पुंगळीच्या सरळ रेषेत येते. वरचा मायक्रोमीटर नुसती सोय आहे.

पिस्तुलाला साधा कार्बाइड सेट पुष्कळ झाला, वंगणाची कटकट नाही. ९ मिमी काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकतं, म्हणून टेपर क्रिम्पच (तोंड बुलेटभोवती सरळ निमुळतं आवळणं) हवा, तोही हलका. तोंडाला दिलेला फुगा सरळ झाला की बस. रोल क्रिम्प (कड आत वळवणं) रिव्हॉल्व्हरवाल्यांसाठी. बुलेट बसवणं आणि क्रिम्प मात्र वेगवेगळ्या डायने करा, नाहीतर खाली सरकणारी बुलेट कडेला खरवडली जाते.

भारतातून कोणी वाचत असेल तर : शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो, तेव्हा हे तिकडे करायला जाऊ नका.

प्रेस कोणता आहे तुमचा? बहुतेक डायचे आटे ७/८-१४ (७/८ इंच व्यास, इंचाला १४ आटे) असतात, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे डाय एकाच प्रेसवर चालतात. अख्खा सेट एकाच कंपनीचा घ्यायची गरज नाही.